सतरा नंबरची स्लाइड

रविवारी सकाळी आदेमार बिदेगाइन जुन्या बाजारात निघाला, तेव्हा काम अगदी साधं होतं. घरात फोटोंच्या जुन्या, फिल्मच्या स्लाइडचा एक डबा होता, त्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर घ्यायला एक स्कॅनर हवा होता, आणि तो पेन्शनीत बसेल असा हवा होता. पारखून घ्यावा म्हणून एक स्लाइड त्याने पाकिटात घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली होती. मोंतेविदेओतला जुलै, म्हणजे तिकडचा ऐन हिवाळा. थंडीने नाकाचे शेंडे लाल झालेले, ज्याच्या त्याच्या काखेत गरम पाण्याचा थर्मास आणि हातात 'माते' नावाच्या तिकडच्या कडू चहाचा भोपळा. पिंजरे, कुलुपं, कुणाच्या तरी मेलेल्या आजीच्या बरण्या, असल्या पसाऱ्यातून वाट काढत म्हातारा चालला होता. डब्यात आणखी चाळीस स्लाइडी असताना हीच एक का खिशात, असं कुणी विचारलं असतं तर तो गडबडला असता. हात घातला आणि हीच वर आली, असं त्याने स्वतःलासुद्धा सांगून ठेवलं होतं. ते खोटं होतं.

गुरुवारी त्याला एक फोन आला होता. बाईचा आवाज, आदराने 'डॉन' म्हणणारा.

"डॉन आदेमार का? मी यानिना. नव्या साउसालहून बोलतेय, इथल्या शाळेत शिकवते. धरणाच्या आधी गावाचे फोटो तुम्ही काढले होते ना?"

त्याला खुर्ची ओढून बसावं लागलं.

"माझी आजी, ओर्फिला. सतरा नंबरचं घर. ती म्हणते, माझ्या नाइरचा फोटो त्या साहेबांकडे राहिलाय. नाइर म्हणजे माझी आत्या हो. सहा वर्षांची असताना गेली. तिचा दुसरा फोटोच नाही आमच्याकडे. आणि आजीचं आता काही खरं नाही. डावं अंग लुळं, उजव्या हाताला कंप, चमचासुद्धा धरवत नाही तिला. तेवढा फोटो मिळाला असता तर..."

"पाठवतो," तो म्हणाला. "स्कॅन करून पाठवतो. आठवड्याभरात."

"अहो, मोबाइलने काढून पाठवलात तरी चालेल!"

"छे छे. करायचं तर नीट करायचं."

नीट! अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीही हा माणूस असाच गोड बोलला होता. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता आणि धरणाच्या कचेरीत फोटोग्राफर होता. बुडित क्षेत्रातल्या प्रत्येक घराचा नोंदीसाठी एक फोटो काढायचा, दारात घरातली माणसं उभी करायची आणि एकाच्या हातात घराच्या नंबराची पाटी द्यायची, असा हुकूम होता. घरामागे एकच फ्रेम, जास्त नाही. साउसालची माणसं दारं उघडेनात. आपलं घर बुडवायला आलेल्याच्या कॅमेऱ्यासमोर कोण उभं राहील? मग आदेमारने युक्ती काढली. कचेरीचं सोडा, म्हणाला, तुमच्या घरचा फोटो म्हणून काढतो. चांगले कपडे घाला, एक प्रत मी स्वतः आणून देतो. दारं उघडली. लोकांनी लग्नातले कोट बाहेर काढले, पोरांचे भांग पाडले, त्याच्यासाठी कोंबड्या कापल्या. एकेचाळीस घरांना त्याने शब्द दिला आणि प्रत एकालाही दिली नाही.

बाकीच्या चाळीस घरांचं त्याला पुढे फारसं काही वाटेनासं झालं; माणूस इतका निबर होऊ शकतो. सतरा नंबरचं मात्र वाटत राहिलं. त्या दारात ओर्फिला आणि तिची नाइर, दोघीच होत्या. पाटी पोरीने हौसेने मागून घेतली. छातीशी धरली तर आकडा फ्रॉकच्या झालरीत जायचा. "वर धर," आदेमार कॅमेऱ्यात डोळा घालून म्हणाला. "आणखी वर. शाब्बास! तश्शीच राहा, हलू नको." स्लाइड धुऊन आली तेव्हा त्याला दिसलं की पोरीचा अख्खा चेहरा पाटीमागे गेलाय. आकडा झकास आला होता. कचेरीने त्याची पाठ थोपटली.

त्याच हिवाळ्यात, नव्या गावातल्या ओल्या भिंतींत, नाइरला ताप आला आणि ती गेली. ओर्फिलाचं पत्र आलं की साहेब, तेवढा फोटो पाठवा. मग दुसरं आलं. मग तिसरं, पेन्सिलने लिहिलेलं. चेहराच नसलेला फोटो त्या बाईला कुठल्या तोंडाने पाठवायचा? उद्या लिहू, परवा लिहू करता करता महिना गेला. मग महिना का गेला हे कसं सांगायचं म्हणून वर्ष गेलं, आणि वर्षाचं काय सांगायचं म्हणून सगळा जन्म गेला. ती तीन पत्रं अजून त्याच डब्यात, कचेरी बंद झाल्यावर त्याने घरी आणलेल्या स्लाइडींच्या खाली होती.

बाजारात गादेआ नावाच्या एका ढेरपोट्या, तोंडाळ पथारीवाल्याकडे छोटे स्कॅनर होते.

"हा घे, बाबा. टोस्टरएवढा डबा. वरून स्लाइड सरकव, बटण दाब, तीन सेकंदांत फोटो हजर. कॉम्प्युटर नको की काही नको."

"एवढा स्वस्त कसा?"

"कारण हा बघत नाही, नुसता डोळा मारतो!" गादेआ स्वतःच्याच विनोदावर पोट हलवून हसला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "तुला म्हणून सांगतो. याला जे नीट दिसत नाही ना, ते हा मनाने भरतो. माझ्या सासूसारखा. पण भरतो असा, की कुणाला पत्ता लागत नाही."

डब्याच्या तळहाताएवढ्या पडद्यावर सतरा नंबरचं घर उमटलं. छप्पर मळकट, ओर्फिला धुरकट, पाटी पोरीच्या तोंडावर. जसं होतं तसंच. विचार करून सांगतो, म्हणून आदेमार निघाला.

सोमवारी तो शहरातल्या एका दुकानात गेला. काउंटरवर इव्होन नावाची बाई होती. तिने झाकणाचा, सपाट काचेचा स्कॅनर दाखवला. "याच्यात कागदही होतात, स्लाइडीही होतात. एका वेळी चार बसतात. तुमच्यासारख्यांना हाच बरा पडतो, आजोबा."

झाकणाखाली दिव्याची पट्टी सरकू लागली. बारीक, एकसुरी घरघर. आदेमारला कसलासा वास आला. ओल्या गाळाचा, कुजलेल्या वाळुंजाच्या पानांचा, नदीकाठी येतो तसा. दुकान तर तिसऱ्या मजल्यावर होतं. इव्होनला तो येत असल्याचं दिसत नव्हतं.

पडद्यावर चित्र आलं. पाटीच्या वर पोरीचे केस दिसत होते. मधोमध पाडलेला भांग दिसत होता. त्याखाली बोटभर कपाळ.

आदेमारने स्लाइड काढून दिव्यासमोर धरली आणि खिशातलं भिंग लावलं. स्लाइडमध्ये कपाळ नव्हतं. पाटी केसांच्याही वर होती.

"तुम्ही याला काही... केलंत का?"

"मी काय करणार? जे आहे ते दाखवतं मशीन," इव्होन म्हणाली. "भारीतलं मशीन घेतलंत तर याहून जास्त दिसेल."

यापेक्षा जास्त त्याला बघायचंच नव्हतं. तरी मंगळवारी तो ब्रुनो पिरिसकडे गेलाच. ब्रुनो त्याचा जुना सोबती, एका लॅबमध्ये दोघांनी वर्षानुवर्षं फिल्म धुतली होती. आता डोळ्यांत मोतीबिंदू, तळघरातलं दुकान मोडीत निघालेलं.

"ये रे काटकुळ्या! मेला नाहीस अजून?"

"तुझी वाट बघतोय."

ब्रुनोकडे फक्त फिल्मसाठी बनवलेला स्कॅनर होता. जुना, जड, पण खऱ्या नजरेचा. "ओळ ओळ वाचतो हा," तो म्हणाला. "अकरा मिनिटं घेतो, पण स्लाइडमध्ये आहे ते सगळं बाहेर काढतो. मला आता दिसत नाही, काय करू ठेवून? तू घेऊन जा. देशील ते दे." म्हणजे पैशाचीही सबब राहिली नाही.

मशीन सुरू झालं. ब्रुनो चहाचं बघायला आतल्या खोलीत गेला. तळघरात दुपारीही दिवा लावावा लागे. तो दिवा मंद पिवळा होता. पडद्यावर वरून खाली एकेक ओळ उमटू लागली. आधी आभाळ. मग पत्र्याचं छप्पर, त्यावरचा गंजसुद्धा. मग दाराची चौकट. ओर्फिलाचे केस, तिचे थकलेले, फोटोसाठी हसू आणणारे डोळे. गाळाचा वास आता इतका दाट होता की श्वास घेताना घशात ओल जाणवत होती. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. नळाचं नसावं. थेंब आधी एका बाजूला पडत होता, मग दुसऱ्या, जसं काही कुणी ओल्या कपड्यांनिशी पाय बदलत उभं आहे.

पोरीचे केस आले. भांग आला. कपाळ आलं, पूर्ण. भुवया आल्या.

मग डोळे आले.

आदेमारकडेच बघत होते ते. त्यांत राग असता तर त्याने सोसलं असतं. ती रागावलेली नव्हती. फार वेळ जड वस्तू धरून उभं राहिलेलं मूल जसं मोठ्या माणसाकडे बघतं, तशी बघत होती. पाटी डोळ्यांच्या खाली आली होती, आणि तिची वरची कड थरथरत होती.

त्याच्या कानाशी कुणीतरी अगदी हळू, अदबीने विचारलं.

"साहेब... आता खाली करू?"

एक शब्द पुरला असता. हो म्हणायचं, एवढंच. पण हो म्हटलं असतं तर अठ्ठेचाळीस वर्षं का नाही म्हटलं, हेही त्याच तोंडाने सांगावं लागलं असतं, आणि सांगायचं कुणाला, तर ज्या पोरीला हलू नको म्हणून बजावलं होतं तिला. तो खाली वाकला आणि त्याने भिंतीतली वायर ओढून काढली.

"अरे, अर्ध्यात कशाला तोडलंस?" ब्रुनो आतून ओरडला.

"नको मला. फार वेळ घेतो," आदेमार म्हणाला आणि स्लाइड खिशात कोंबून जिना चढला. रस्त्यावर ऊन होतं, शाळा सुटली होती. येणाऱ्याजाणाऱ्या लेकरांकडे बघायचीही त्याला लाज वाटत होती.

बाजार रविवारचाच, म्हणून बुधवारी तो पत्ता काढत गादेआच्या घरी गेला.

"आलास ना परत!" गादेआ टाळी देत म्हणाला. "मोठ्या मशीनींनी घाबरवलं वाटतं?"

"परवडायला हवं ना," आदेमार म्हणाला. अनोळखी माणसाशी खोटं बोलायचं काही कारण नव्हतं, पण तो बोलला.

घरी येऊन त्याने विकत आणलेला तो टोस्टरएवढा डबा स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडला, स्लाइड सरकवली, बटण दाबलं. तीन सेकंद. कसला वास नाही, कसला आवाज नाही. छोट्या पडद्यावर ओर्फिला उभी होती, शेजारी नाइर, आणि नाइरने पाटी पार पोटाशी घेतली होती. वर चेहरा. गोल, गोड, दात दाखवून हसणारा.

तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने स्लाइड काढून भिंगाखाली धरली. पाटी तोंडावरच होती. रविवारी याच डब्याने पाटी तोंडावर दाखवली होती; हा चेहरा त्याने आता मनाने भरला होता. आदेमारला हे कळलं, अगदी स्वच्छ कळलं. त्याने भिंग ड्रॉवरमध्ये ठेवून ड्रॉवर लावून टाकला, फोटो फोनवर घेतला आणि यानिनाला पाठवला.

दहा मिनिटांत उत्तर आलं. "डॉन आदेमार, तुमचे उपकार कसे फेडू! किती गोड होती हो आत्या! आजी उठली की दाखवते." त्या दिवशी तो पोटभर जेवला. आपण एका म्हातारीचं भलं केलं, असं त्याला वाटलंसुद्धा.

शुक्रवारी यानिनाचा फोन आला. आवाज दबका होता, घरात कुणी झोपलं असताना बोलतात तसा.

"आजी म्हणते... ही नाइर नाही."

"वय झालंय त्यांचं," आदेमार पटकन म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याला स्वतःची किळस आली.

"मीपण तेच म्हटलं. पण आजी म्हणते, ही दुसरीच कुणाची तरी आहे. आणि... डॉन आदेमार, हसू नका. आजी म्हणते, काल सकाळपासून ती पलंगाच्या पायथ्याशी उभी आहे. फोटोतली मुलगी. बोलत नाही. नुसती हसते."

आदेमारने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आजीने तिच्यासाठी सूप ठेवायला लावलं मला. कुणाचं का असेना, लेकरू उपाशी आहे म्हणाली. म्हातारीचं मन म्हणून मी खुर्चीवर वाटी ठेवली आणि अंगणातले कपडे काढायला गेले. आले तर वाटी रिकामी."

"मांजर असेल."

"मांजर नाही आमच्याकडे. आणि आजीला चमचा धरवत नाही, मी सांगितलं होतं ना तुम्हाला. फोटो मी फोनमधून काढून टाकला. तरी ती आहेच म्हणते. ही कोण आहे हो... तुम्ही याल का?"

शनिवारी पहाटेची पहिली बस धरून तो गेला. स्लाइड आणि भिंग, दोन्ही बरोबर घेतलं. नव्या साउसालच्या सरळ रेषेत बांधलेल्या गल्ल्यांतून जाताना त्याला वाटत होतं की प्रत्येक खिडकीतून कुणीतरी म्हणतंय, हाच तो. कुणी म्हणत नव्हतं. कुणी त्याला ओळखतसुद्धा नव्हतं.

खोलीत गाळाचा वास होता. ओर्फिला उशीला टेकून बसली होती, वाळून मुठीएवढी झालेली. पायथ्याशी खुर्ची, खुर्चीवर वाटी. यानिना दारातच उभी राहिली, आत येईना.

"आलात, साहेब," ओर्फिला म्हणाली. "बसा की."

तो बसला नाही. बसायची त्याची लायकी नव्हती असं त्याला वाटलं.

"ओर्फिलाबाई, मी तुम्हाला खोटा फोटो पाठवला. खऱ्यात नाइरचा चेहराच नाही. पाटीमागे गेला. मीच तिला म्हणालो, वर धर, आणखी वर धर. तुमची पत्रं पोचली होती. तिन्ही. माझी हिंमत झाली नाही." एवढं बोलायला त्याला अर्धं आयुष्य लागलं होतं, आणि बोलून झालं तर अर्धं मिनिटही झालं नव्हतं.

"ठाऊक आहे की," ओर्फिला म्हणाली.

"काय?"

"तिच्या शेजारीच उभी नव्हते का मी? तोंड पाटीमागं गेलं ते दिसत होतं मला. म्हटलं, साहेबांना तसंच हवं असेल." ती दमली, थोडी थांबली. "चेहरा ध्यानात आहे हो माझ्या. डोळे मिटले की समोर येतो. बोटं नाही ध्यानात राहिली. पाटीवर तिची बोटं आली असतील ना? त्यासाठी मागत होते मी."

आदेमारने खिशातून स्लाइड आणि भिंग काढलं, आणि यानिनाने आत येऊन ते त्याच्या हातातून घेतलं. ती खिडकीशी गेली, उजेडाकडे धरून भिंगातून बघू लागली. "आहेत, आजी. आठ दिसतात, अंगठे मागे आहेत. आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख काळं आहे."

"दारात सापडलं होतं," ओर्फिला म्हणाली. "त्याच दिवशी सकाळी. फुंकर घालून दिली होती मी." आणि ती तोंड न झाकता रडली, कारण झाकायला हात उचलत नव्हता.

अठ्ठेचाळीस वर्षं त्याने ती स्लाइड बघितली होती, आणि बोटांकडे त्याचं कधी लक्षच गेलं नव्हतं. आपण काय दडवलं याचीच त्याला एवढी लाज होती, की काय द्यायला होतं ते त्याने पाहिलंच नाही. एका पाकिटात घालून पाठवायचं होतं फक्त. आपण इथून तसंच चालू लागावं आणि थेट धरणाच्या पाण्यात जावं, असं त्याला वाटलं.

यानिनाने आजीचे डोळे पुसले. जरा वेळाने ओर्फिलाने मान वळवून पलंगाच्या पायथ्याकडे पाहिलं.

"माझी आली घरी," ती म्हणाली. "आता हिचं बघा. कुणाची आहे ही?"

आदेमारने पाहिलं. खुर्ची, वाटी, त्यामागे भिंत.

"ठाऊक नाही, बाई."

"तुम्हीच पाठवलीत आणि तुम्हालाच ठाऊक नाही?" तिच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसतं नवल होतं. "बरं, मग एवढं तरी करा. माझं ऐकत नाही ती, तुमचं ऐकेल. तिला म्हणावं, आता हसू नको. परवापासून हसतीये. तोंड दुखत असेल पोरीचं."

यानिना मागे सरत दाराशी गेली आणि तिने चौकट घट्ट धरली. बाहेर कुणाच्या तरी घरी रेडिओ चालू होता. आदेमार त्या रिकाम्या जागेकडे वळला. कुठे बघून बोलावं ते त्याला कळेना, म्हणून त्याने सहा वर्षांच्या पोरीच्या उंचीवर नजर ठेवली.

"पुरे, बाळ," तो म्हणाला. "झालं आता. हसू नकोस."

ओर्फिला पायथ्याकडे टक लावून बघत होती. मग तिची नजर हळूहळू सरकू लागली, पलंगाच्या कडेकडेने, खुर्चीला वळसा घालून, आदेमार उभा होता तिथपर्यंत, आणि त्याच्या हाताशी येऊन थांबली.

"नाही हो, साहेब," ती कुजबुजली. "आणखीच हसतीये."